राईतला झरा आणि त्या वर्षीचा धूर

अजूनही रात्री अडीच-तीनला जाग आली की मी आधी खिडकीशी जाऊन वास घेते. आमचं घर देवगड तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या पायथ्याशी, समुद्र तिथून सरळ बघितला तर सात-आठ किलोमीटर. दिवसा वारा समुद्राकडून वर येतो आणि रात्री जमीन थंड झाली की उलटा, वरून खाली समुद्राकडे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे असं पाठ केलेलं, परीक्षेत लिहिलेलं पण, पण मतलई म्हणजे काय ते मला मार्च २०२४ मध्ये कळलं. दिवसा सड्यावर धुमसत असायचं तरी धूर घाटाच्या बाजूला जायचा, आपल्याला वाटायचं विझलं बहुतेक, आणि मध्यरात्र उलटली की तोच धूर उतारावरून पाण्यासारखा ओघळत खाली यायचा आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत वाडीत साचून राहायचा. समोरच्या काकूंचं तुळशीवृंदावन दिसायचं नाही आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून.

त्या वर्षी काय झालं ते गावात प्रत्येकाने आपापल्या परीने सांगून झालंय. बागा किती गेल्या, कोणी आग लावली, देवीने कसं राखलं. बायकांपैकी कोणी सांगितलं नाही म्हणून मी लिहितेय, आणि त्यातली एक गोष्ट मी आजपर्यंत फक्त सासूबाईंना आणि नवऱ्याला सांगितलेली आहे.

आधी पाण्याचं सांगते, कारण सुरुवात तिथून आहे. कोकणात पाणीटंचाई म्हटलं की माझी पुण्याची मैत्रीण म्हणते, तुमच्याकडे एवढा पाऊस पडतो आणि पाणी नाही कसं? पडतो, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सगळा चार महिन्यांत. पण आमचा सडा म्हणजे जांभ्याची मोठी चाळण आहे. वरून पाणी आत जातं, खाली चिकणमातीचा थर लागला की तिथून आडवं होऊन पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं, आणि वहाळातून दोन-चार तासांत खाडीला. दिवाळीपर्यंत सगळीकडे खळखळाट आणि शिमग्याला घसा कोरडा. त्यात २०२३ चा पाऊस विचित्र झाला, जुलैत धो धो पडला आणि ऑगस्टमध्ये गायबच झाला, देशभरात तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. आमच्या विहिरीचं पाणी एरवी एप्रिलपर्यंत पुरतं, त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी पंप हवा ओढायला लागला. भावजी आत उतरून गाळ काढून आले, खाली नुसता ओला कातळ.

वाडीत पाणी राहिलं ते एकाच ठिकाणी. देवीच्या राईत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राई म्हणजे देवराई. आमची जेमतेम तीन एकरांची असेल. वड, बेहडा, किंजळ, सातवीण, मधोमध देवीचं पाषाण आणि त्याच्या खालच्या अंगाला झरा. तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजतं. चपला बाहेर काढायच्या. झऱ्याचं पाणी फक्त देवीच्या अभिषेकाला, भरायला कोणी जायचं नाही, आणि बायकांनी ते चार दिवस राईच्या वाटेला पण जायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे सगळं पाळलं, मनापासून पाळलं. माझं माहेर कुडाळकडचं, आमच्याकडे पण असंच होतं, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही कधी.

फेब्रुवारीत गुरवांनी स्वतःहून देवीला विचारलं आणि झरा वाडीला मोकळा केला. घरटी रोज दोन हंडे, फक्त प्यायला. मी त्या माणसाला कधी विसरणार नाही, कारण तसं करायला कमिटीतल्या दोघांचा विरोध होता आणि ते म्हणाले, "पोरां तहानली तर आवशीक (आईला) राग येतलो की मायेन बघतली?" अट एकच ठेवली, चार दिवसांची.

आता ती गोष्ट. महाशिवरात्र ८ मार्चला होती, घरातले सगळे कुणकेश्वरच्या यात्रेला गेले, मी आणि आईच मागे राहिलो, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा आहे. १० तारखेला संध्याकाळी घरात प्यायचं पाणी संपलं, हे अजून परतायचे होते, शेजारी कोणाकडे मागावं तर सगळ्यांचे दोन हंडे मोजलेले. आईंना गोळी घ्यायची होती आणि मी हंडा घेऊन राईत गेले. माझा दुसरा दिवस होता. जाताना पाय जड झाले हे खरं आहे. पाषाणाकडे बघितलं नाही, मान खाली घालून हंडा भरला आणि आले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी दीडच्या सुमारास सड्यावरून बोंब आली, "धावा रे, सड्यार आग लागली!"

सड्यावर त्या वेळी कमरेएवढं करड, म्हणजे गवत, वाळून उभं असतं. कोणी पेटवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. जाळलं की नवीन गवत चांगलं येतं असा समज आहे अजून बऱ्याच जणांचा. पहिल्या पावसात हिरवं कोंब दिसतात म्हणून तसं वाटतं, पण वरचा कुजका पालापाचोळा जळून जातो, माती उघडी पडते आणि जूनमध्ये ती वहाळातून खाडीत जाते. पाणी मुरवणारी साय म्हणजे तोच पाचोळा.

आमच्या काजूच्या बागेला आग लागली तो आवाज मी कधीच विसरणार नाही. खाली पडलेल्या बिया तडतडायला लागल्या, टरफलात तेल असतं ना, लाह्या फुटाव्यात तशा उडत होत्या आणि त्यातून जो काळा धूर निघतो तो डोळ्यांत गेला की आंधळं व्हायला होतं. पाणी कुठलं असणार आग विझवायला? आंब्याला फवारणी करायला म्हणून दोनशे लिटरचे तीन ड्रम भरून ठेवलेले, टँकरचं विकतचं पाणी, ते फवारणीच्या पंपाने मारलं, वीस मिनिटांत संपलं. मग पुरुष माणसं आणि आम्ही बायका पण ओल्या पाल्याचे टाळे घेऊन झोडपत सुटलो. भावजींनी आमच्या हद्दीच्या जाळरेषेवरून, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरून, उलटी आग सोडली म्हणून हापूसची अर्धी बाग वाचली. जाळरेषा त्या वर्षी नीट घातली नव्हती, मजूर मिळाले नाहीत म्हणून अर्धीच राहिलेली, आणि जिथे राहिलेली बरोबर तिथूनच आग आत आली. बासष्ट कलमं गेली. काजू मोजले नाहीत.

रात्री आग राईत शिरली. मला वाटलेलं राई जळणार नाही. मोठी झाडं, सावली, ओल. पण त्या वर्षी आतला पाचोळासुद्धा पापडासारखा झाला होता. राईतली आग उंच नव्हती, जमिनीवरून रांगत होती, बोटभर उंचीची, एवढीशी बघून वाटायचं पायाने विझवू. आणि पहाटे तीनच्या दरम्यान ती झऱ्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबली. वरची अर्धी राई गेली, खालची राहिली.

मंगळवारी पहिला रोजा होता. दुपारी वाऱ्याने परत पेट घेतला तेव्हा खालच्या मोहल्ल्यातले चौघं आले ब्लोअर घेऊन, त्यांच्या पण बागा सड्यावर आहेत. आमच्या इथे तो शेजार पिढ्यानपिढ्याचा आहे. एकाला मी तांब्या पुढे केला, त्या धुरात त्याचा आवाज बसला होता, तो हसून मानेने नाही म्हणाला, "रोजो आसा वैनी." तहान काय असते हे त्या वर्षी आम्ही सगळे शिकत होतो, आणि हा मुलगा समोर पाणी असताना ते न पिता, ज्या राईत त्याचा देव नाही तिच्या कडेने सात वाजेपर्यंत आग झोडपत होता. मी त्या दिवशी देवीला हात जोडू शकले नाही पण त्याच्या पाठीकडे बघून माझे हात आपोआप जुळले.

आग दोन दिवसांत संपली असं सगळे म्हणतात, पण आग संपली म्हणजे धूर संपला असं नसतं. राईतले जुने बुंधे, मुळं, आतून पोकळ झालेले ओंडके जवळजवळ तीन आठवडे धुमसत होते. खणून पाणी ओतलं की विझतात, पण पाणी नव्हतं. माती टाकायचो. एक दाबला की दुसरीकडून धूर.

आणि आमचं घर कौलारू. शहरातल्या लोकांनी सांगितलं खिडक्या बंद ठेवा. मंगलोरी कौलांच्या घराला खिडकी बंद करून काय होणार, धूर कौलांच्या फटीतून सरळ खाली येतो. फळ्यांचा माळा असलेली एकच खोली आहे आमची, तिथे माळ्यावर ताडपत्री अंथरली, दाराखाली ओले टॉवेल लावले आणि आईंची खाट तिकडे नेली. पहिल्या रात्री आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधून बसलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रुमालाने राख अडते, बारीक कण अडत नाहीत, ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक, ते थेट फुप्फुसात खोल जाऊन बसतात. कोरोनातले एन-९५ मास्क कपाटात पडलेले होते ते कामाला आले. नेब्युलायझर तालुक्याहून आणला. रात्री लाईट गेली की मी इन्हेलर उशाशी घेऊन बसायचे आणि आईंच्या छातीतली शिट्टी ऐकायचे, सूं... सूं... आणि मोजायचे, मिनिटाला किती श्वास.

नणंद कणकवलीला असते, ती म्हणाली आईला इकडे पाठव. आई नाही म्हणाल्या. "देवीक धुरात सोडून मी खय जाव?" एवढंच. मला इतका राग आला त्या वाक्याचा. माझ्या मनात आलं, देवीला दमा नाहीये आई, तुम्हाला आहे. बोलले नाही.

डॉक्टरांनी अगरबत्ती, धूप बंद करायला सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईने एक संध्याकाळ धूप चुकवला नाही ती म्हणाली बरं. मला वाटलं वाद घालतील. परसात सुरंगीचं झाड आहे, त्याच दिवसांत फुलतं ते, खोडाला फांद्यांना चिकटून पिवळीधमक फुलं, तर आई सकाळी मुलाकडून ओंजळभर सुरंगी काढून घ्यायच्या आणि देवापुढे ठेवायच्या. त्या खोलीत धुराचा कडवट वास आणि सुरंगीचा वास असे दोन्ही एकत्र. आता सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, बाजारात दिसला तरी मला छातीत दाटून येतं.

माझ्या मुलाने तेव्हा एक प्रश्न विचारला होता. राईतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं, आम्ही दरवर्षी लांबून बघायचो. त्यांच्यात मादी ढोलीत बसते आणि तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर काढायला फट, नर तिला फळं आणून भरवतो. बेहडा खालून जळला, बुंधा दोन पुरुष उंचीपर्यंत काळा झालेला. आगीनंतर तीन दिवस नर चोचीत फळ घेऊन येत होता, फांदीवर बसायचा, फटीकडे जायचा, परत यायचा. चौथ्या दिवशी आला नाही. मुलगा म्हणाला, आई, ती आतून बाहेर कशी आली असेल? आणि मग म्हणाला, देवीला माहीत होतं ना ती आत आहे? नऊ वर्षांचा होता तेव्हा. देवीची इच्छा असं म्हणता आलं असतं, माझ्या आईने मला लहानपणी असंच सांगितलं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं मला माहीत नाही बाळा. तो रागावला माझ्यावर.

१७ तारखेला रविवारी देवळात गाव बसला. दोन विषय होते, एक म्हणजे हे कशामुळे झालं आणि दुसरा होळी. शिमगा आठवड्यावर आलेला, आजूबाजूला अजून धूर, तर होळी पेटवायची की नाही.

पहिल्या विषयात जे जे निघालं ते ऐकून मी थंड पडले. कोरोनात पालखी घरोघरी फिरली नाही म्हणून. राईच्या कडेने जेसीबीने रस्ता काढला म्हणून. चाकरमानी आता मान राखत नाहीत म्हणून. आणि मग एक वयस्क मानकरी म्हणाले, झरा मोकळा केला तिथेच चुकलं, कोणीतरी विटाळात गेलं असणार, कौल लावून देवीलाच विचारा. बायका देवळाच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या, सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं माझ्या तोंडावर लिहिलेलं आहे. मी रडत नव्हते, पण हात बर्फासारखे झालेले. आणि सगळ्यात वाईट काय, तर मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. सात रात्री मी झोपले नव्हते. मी शिकलेली आहे, बीएस्सी आहे, वणवा कशाने लागतो मला माहीत आहे, तरी रात्री तीनला धूर आला की डोक्यात एकच यायचं, मी हंडा भरला आणि दुसऱ्या दिवशी राई जळली.

आईंना मी आदल्या रात्री सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या, फक्त पाठ चोळत राहिल्या माझी.

देवळात त्या उठल्या. धाप लागत होती, खांबाला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तो हंडो माझ्यासाठी भरललो. पाणी मी पिलंय. कौल लावचो आसात तर माझ्या नावान लावा."

कोणी काही बोललं नाही. कोण गेलं होतं हे त्यांनी सांगितलंच नाही, आणि कोणी विचारलं पण नाही. आमच्याकडे कौल लावतात ते ओल्या पाषाणावर कळे चिकटवून, उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलानेच ठरते, हे आमच्या भागात कोणाला सांगायला लागत नाही, इतकं हे रोजचं आहे. सगळे गुरवांकडे बघत होते. त्यांनी कळे हातात घेतले, बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, मी हो प्रश्न घालूचंय नाय. आवशीक असा विचारूचा नसता, की तुका कोणाचो राग इलो. विचारूचा, की आता काय करूया.

आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हाराजा..." आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा!" लेकरांकडून जे काय चुकलं असेल ते पोटात घाल, आणि हा जो गाव तुझ्या राईला कड, म्हणजे जाळरेषा, काढायची म्हणतोय, घरटी एक माणूस राखणीला ठेवायचा म्हणतोय, त्याला तुझा होकार असेल तर उजवा दे. गाव असं काही म्हणतच नव्हता तोपर्यंत. ते त्यांनी गाऱ्हाण्यात घातलं. उजवा कळा पडला.

मी त्यावर खूप विचार केलाय. उजवा पडला तो देवीने पाडला की ओल सुटली म्हणून पडला, ते मी सांगू शकत नाही. पण विचारायचं काय ते गुरवांनी ठरवलं, आणि त्यांनी दुसरं काही विचारलं असतं आणि उजवा पडला असता तर मी आज या गावात राहत असते की नाही कोण जाणे. सगळी श्रद्धा तिथे त्या प्रश्नात होती असं मला वाटतं. तसा माणूस प्रत्येक गावात नसतो, आणि जिथे नसतो तिथे बायकांचं काय होतं हा विचार आला की माझ्या अंगावर काटा येतो. आणि विटाळाचं म्हणाल तर मी आता पाळत नाही. आईंसमोर पण पाळत नाही. त्या बघतात, बोलत नाहीत.

होळीचा कौल पण लावला. होळी उभी केली, पण पेटवताना फक्त शेणी आणि मूठभर गवत, आणि बाजूला पाण्याचे दोन हंडे भरून. २४ मार्चची रात्र, एरवी केवढा आरडाओरडा असतो, त्या वर्षी लोक त्या छोट्या जाळाकडे नुसते बघत उभे होते.

पंचनाम्याचं थोडक्यात सांगते कारण त्यात मन रमत नाही. माणूस सहाव्या दिवशी आला, फोटो काढले, कलमं मोजली. मग आचारसंहिता लागलेली, या टेबलावरून त्या टेबलावर, आग कशाने लागली याचा पुरावा आणा म्हणाले. जळलेल्या सड्यावरून कसला पुरावा आणायचा. अजून काही मिळालेलं नाही. राहिलेल्या कलमांवर फळ होतं पण उष्णतेने बरंच गळलं, त्या वर्षी पेट्या निम्म्याहून कमी झाल्या.

एप्रिलमध्ये धूर गेला आणि आई जरा फिरायला लागल्या तेव्हा आम्ही दोघी राईत गेलो. काळी राख, त्यातून हिरवी खालची अर्धी राई आणि बरोबर सीमा आखल्यासारखी रेघ. आई म्हणाल्या, "बघ, देवीन राखल्यान." मी म्हटलं आई, तिथे जमीन ओली होती म्हणून थांबली आग, झऱ्याची ओल. त्या म्हणाल्या, "मगे ती ओल कोणी राखल्यान?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण एका अर्थाने त्यांचं खरंच होतं. दोन-तीनशे वर्षं देवीच्या धाकाने कोणी तिथली काटकी उचलली नाही, म्हणून पाचोळा साठला, म्हणून पाणी मुरलं, म्हणून ओल. सड्यावर बाकी सगळीकडे कुऱ्हाड चालली, तिथे नाही चालली. पण मग वरची अर्धी का जळली, धनेशाची मादी का, हे मी विचारू शकले असते. विचारलं नाही, त्यांना जिना चढल्यासारखी धाप लागली होती.

आणि एप्रिलच्या शेवटी झरा आटला. आई सांगतात की त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा. मग टँकर, आठवड्यातून दोनदा, आणि तो यायच्या आधी कळश्यांची रांग. मला वाटलं आता आई काहीतरी बोलतील, त्यांचं काहीतरी तुटेल. त्यांनी दर सोमवारी टँकरच्या पाण्यातला एक तांब्या माझ्याकडे द्यायला सुरुवात केली, झऱ्याच्या तोंडाशी ओतून ये म्हणून. एक तांब्या पाणी म्हणजे त्या दिवसांत काय होतं! पहिल्या सोमवारी मी वाटेत थांबले, हे पाणी मुलाला पाजावं असं मनात आलं. मग गेले आणि ओतलं. तापलेल्या कातळाने चर्र करून पिऊन टाकलं, दोन सेकंदात डाग सुद्धा राहिला नाही. सहा सोमवार ओतलं मी. का ओतलं मला सांगता येणार नाही. आईंसाठी असं म्हणू शकते, पण शेवटच्या दोन वेळा त्यांनी सांगायच्या आधी मीच तांब्या भरला होता.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. पहिल्या दिवशी वहाळाला आलं ते पाणी नव्हतं, शाई होती, सड्यावरची सगळी राख. खाडीच्या तोंडापर्यंत काळी रेघ दिसत होती. झऱ्याला पाणी जुलैत आलं.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की आम्ही वहाळावर वनराई बंधारे घालतो, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती भरून, बायकाच जास्त असतो. डिसेंबरात राईभोवती दहा फुटांची जाळरेषा, गवत कापून ओढून न्यायचं, पेटवायचं नाही. फेब्रुवारीपासून राखण, घरटी एक माणूस, संध्याकाळी सहा ते रात्री दहा. आमच्या घरातून मी जाते. कोणता दिवस आहे माझा ते मी बघत नाही. बेहडा अजून उभा आहे, एका बाजूने पालवी येते, ढोलीत कोणी नाही. मुलगा दर मार्चमध्ये एकदा माझ्यासोबत येऊन बघून जातो.

परवा राखणीला गेले तेव्हा गुरव दिवा लावून परत निघाले होते. चपला काढून मी झऱ्याकडे उतरत होते, त्यांनी बघितलं, क्षणभर थांबले आणि वरूनच ओरडले, "झऱ्यात पाणी किती आसा गे?"

मी आत हात घालून बघितलं आणि सांगितलं, कोपरापर्यंत आहे अजून.